आर्काइव्ह डॉट ऑर्ग: जुन्या माणसांची चरित्रं पडताळायला कितपत उपयोगी

आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या समाजसुधारकाचं, कवीचं किंवा शाळा काढणाऱ्या बाईंचं चरित्र नेटवर शोधलं की दहा साइटवर तेच चार परिच्छेद सापडतात, जन्मतारीख तीच आणि चुकाही त्याच. दहा ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार असं लोक धरून चालतात, पण दहाही जणांनी एकाच ठिकाणाहून उचललेलं असेल तर पुरावा एकच झाला ना, आणि तो मुळात कुठून आला हे कुणीच सांगत नाही. तो मूळ धागा शोधायला मी इंटरनेट आर्काइव्ह, म्हणजेच आर्काइव्ह डॉट ऑर्ग, वापरतो आणि या कामासाठी इतकी मोलाची दुसरी फुकट साइट मला तरी माहीत नाही.

१९९६ मध्ये ब्रूस्टर केल यांनी सुरू केलेली ही ना-नफा संस्था आहे. लाखो जुनी पुस्तकं, अहवाल, मासिकं स्कॅन करून ठेवलीयत, बहुतेक सरळ उघडून वाचता येतात.

आता महत्त्वाचं. इथला साधा सर्च फक्त पुस्तकाचं नाव, लेखक वगैरे माहितीतच शोधतो, त्यामुळे लोक व्यक्तीचं नाव टाकतात, काही येत नाही आणि निघून जातात. सर्चमध्येच पुस्तकाच्या आतला मजकूर शोधायचा पर्याय आहे, तो निवडा. मग ते नाव भलत्याच ठिकाणी दिसायला लागतं, कुणाच्या तरी आठवणींत, संस्थेच्या वार्षिक अहवालात, गॅझेटियरमध्ये (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), युनिव्हर्सिटीच्या जुन्या कॅलेंडरमध्ये (म्हणजे तिची वार्षिक माहितीपुस्तिका). या कॅलेंडरांमध्ये पदवीधरांच्या याद्या सालासकट छापायचे, म्हणजे 'अमुक साली बीए झाले' हा दावा यादी मिळाली की तिथेच तपासून होतो. माझा सगळ्यात जास्त भरवसा असल्या रुक्ष कागदांवर आहे, कारण यादी करणाऱ्याला कुणाला मोठं करायचं नसतं. गौरवग्रंथ आणि शताब्दी स्मरणिका यांचं उलट, प्रेमाने लिहिलेलं असतं पण प्रसंग घडून पन्नास वर्षं झाल्यावर आठवणीतून, त्यामुळे त्यातली तारीख दुसरीकडे कुठे मिळते का ते बघायचंच. मृत्युलेखात मृत्यूची तारीख बहुधा बरोबर असते, जन्मसाल मात्र त्यातही ऐकीवच.

देवनागरीत शोधताना सांभाळा. स्कॅनवरून मशीनने वाचलेल्या मजकुरात जोडाक्षरं बिघडतात, १ चा ९ होतो, ५ चा ६ होतो, आणि जन्मसालात एक आकडा फिरला की माणूस ऐंशी वर्षांनी तरुण होतो. म्हणून पानाचा फोटो डोळ्यांनी बघितल्याशिवाय साल उतरवून घेऊ नका. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या पुस्तकं स्कॅन करायच्या सरकारी प्रकल्पाची जी पुस्तकं इथे आलीयत त्यांची नावं रोमन अक्षरांत आणि वाट्टेल तशा स्पेलिंगने आहेत, सालंही कधी कधी चुकीची, तेव्हा आतलं मुखपृष्ठ उघडून आवृत्ती कितवी ते स्वतः बघा.

दोन पुस्तकांत दोन तारखा निघाल्या की लगेच एकाला खोटं ठरवायची घाई नको. जॉर्ज वॉशिंग्टन यांची जन्मतारीख जुन्या कॅलेंडरप्रमाणे ११ फेब्रुवारी १७३१ आणि आताच्या प्रमाणे २२ फेब्रुवारी १७३२, दोन्ही बरोबर. जुन्या मराठी पुस्तकांत शक दिलेला असतो, त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सगळ्यांना माहीत असतं पण जानेवारीपासून शक संपेपर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात हे राहून जातं, आणि फाल्गुनात जन्मलेली माणसं सर्रास एक वर्ष आधी जन्माला घातली जातात.

याच संस्थेचं वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे, त्यात एखाद्या पानाच्या जुन्या प्रती तारखेसकट दिसतात. विकिपीडियावर कुणीतरी बिनपुराव्याचं लिहितं, पेपरवाला तिथूनच उचलतो, मग विकिपीडियावर संदर्भ म्हणून तोच पेपर येतो, हे चक्र पकडायला विकिपीडियाचा इतिहास टॅब आणि वेबॅक दोन्ही शेजारी उघडून तारखा लावून बघायच्या. आधी कोण आणि नंतर कोण ते लगेच कळतं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. स्कॅन केलेली पुस्तकं उसनी देण्यावरून प्रकाशकांनी केलेल्या खटल्यात २०२४ मध्ये अपिलातही निकाल विरोधात गेला, पाच लाखांवर पुस्तकं उसनी देणं बंद झालं, त्यामुळे अलीकडची संशोधित चरित्रं हवी असतील तर लायब्ररीच गाठावी लागते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सायबर हल्ला झाला, साइट काही दिवस बंद होती आणि सुमारे ३.१ कोटी खात्यांची माहिती फुटली, तेव्हा इथला पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. साइट हळू चालते, मोबाइलवर तर वैताग येतो. आणि जन्म-मृत्यूचं रजिस्टर, शाळेचा दाखला, घरातली पत्रं असले मूळ कागद इथे क्वचितच मिळतात, त्यासाठी त्या त्या दप्तरात जाऊन अर्जच करावा लागतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो देवनागरी सर्चसाठी. काही सापडलं तर पुस्तकाची लिंक, पान नंबर आणि आवृत्तीचं साल तिथल्या तिथे लिहून ठेवा, आणि साधं वेबपेज असेल तर वेबॅकच्या 'सेव्ह पेज नाऊ' मध्ये टाकून त्याची प्रत करून ठेवा, छोट्या संस्थांच्या साइट कधी बंद पडतील सांगता येत नाही.