२५ हर्ट्झच्या नावाखाली १ हर्ट्झ: स्वस्त लॅप टायमर घेण्याआधी हे वाचा

हौशी एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याचं) रेसिंग करणाऱ्या आणि कमी खर्चात जीपीएस लॅप टायमर शोधणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. आमच्या टीमला २५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा गाडीची जागा टिपणारा, म्हणून विकलेला टायमर प्रत्यक्षात १ हर्ट्झचा निघाला. यातली खरी गोम अशी की नुसता लॅप टाइम बघून ही लबाडी पकडता येत नाही. लॅप टाइम जवळजवळ बरोबरच येतो, आणि त्याच भांडवलावर हे डबे खपतात.

ते कसं होतं हे आधी सांगतो, कारण ते समजलं की पुढचं सगळं समजतं. ताशी १६० किमी वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ४४ मीटर जाते. जीपीएस सेकंदातून एकदाच जागा टिपत असेल, तर दोन नोंदींमध्ये ४४ मीटरचं अंतर पडतं. १० हर्ट्झला ते साडेचार मीटरच्या आत येतं, २५ हर्ट्झला पावणेदोन मीटरच्या आसपास. फिनिश लाइन कुठल्यातरी दोन नोंदींच्या मधेच ओलांडली जाते, म्हणून टायमर त्या दोन नोंदींमधला वेळ अंतराच्या प्रमाणात वाटून ओलांडल्याचा क्षण काढतो. सरळ पट्ट्यावर वेग फारसा बदलत नसेल तर हा हिशोब १ हर्ट्झवरही बऱ्यापैकी जमतो. आणि बहुतेक सर्किटची फिनिश लाइन सरळ पट्ट्यावरच असते.

त्यामुळे पहिल्या शर्यतीनंतर आमच्या डब्यातले लॅप टाइम अधिकृत निकालाशी ताडून पाहिले तेव्हा फरक दशांश सेकंदाच्या घरातला होता. अधिकृत वेळ ट्रान्सपॉन्डरवर मोजतात: ट्रॅकखाली तारेचं लूप पुरलेलं असतं, गाडीतला ट्रान्सपॉन्डर, म्हणजे सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र, त्यावरून गेला की नोंद होते. त्याच्याशी ताळा जमला की कुणीही निर्धास्त होईल. विक्रेत्याच्या जाहिरातीतही हाच ताळा ठळकपणे दाखवलेला होता. वर डब्याच्या स्क्रीनवर वेळ दशांशचिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत दिसते. तीन आकडे छापणं म्हणजे तितकं अचूक मोजणं नव्हे, पण पाहणाऱ्यावर त्याची छाप पडतेच.

पण एकूण लॅप टाइम तर ट्रान्सपॉन्डरकडूनही मिळतो. टायमर घ्यायचा तो लॅपच्या आत काय घडतंय हे कळण्यासाठी. एन्ड्युरन्समध्ये एकच गाडी तीन-चार जण आळीपाळीने चालवतात, एकेक स्टिंट, म्हणजे एकाची पाळी, तास-दोन तासांचा असतो, आणि इंधन, टायर, ब्रेक शेवटपर्यंत पुरवायचे असतात. एखादा भन्नाट लॅप मारण्यापेक्षा ठरलेल्या वेळेच्या आसपास लॅपमागून लॅप काढणं इथे महत्त्वाचं. ड्रायव्हरला डेल्टा हवा असतो तो यासाठी: आपल्याच चांगल्या लॅपच्या तुलनेत या क्षणी मी किती पुढे आहे, किती मागे. हा आकडा वळणावळणाला खरा असावा लागतो, आणि आमच्या डब्याचा तोच खोटा होता.

हेअरपिनमध्ये, म्हणजे यू आकाराच्या वळणात, शिरताना डेल्टा हिरवा (पुढे) असायचा, मध्यावर एकदम अर्ध्या सेकंदाने लाल (मागे) व्हायचा, बाहेर पडताना पुन्हा हिरवा. गाडी मात्र प्रत्येक लॅपला त्याच रेषेवरून जात होती. आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलाच्या आलेखात तर तो प्रत्येक हेअरपिनला ब्रेक फार लवकर मारतो असं दिसत होतं. त्याने ते मनावर घेतलं. ब्रेकचा पॉइंट तो थोडा थोडा पुढे ढकलत गेला आणि एका लॅपला पुढची चाकं लॉक होऊन गाडी थेट ट्रॅकबाहेर गेली. पुढे मोकळी खडीची पट्टी होती म्हणून निभावलं. नंतर गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण बघितलं तर त्याचा आधीचा ब्रेकिंग पॉइंट इतर सगळ्यांच्या बरोबरीचाच होता! पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण त्या पोराचा स्वतःवरचा विश्वास डळमळला, आणि एका खोट्या आलेखापायी तो जिवावरच्या प्रसंगात सापडला, याचा संताप अजून जात नाही.

विक्रेत्याला कळवलं. उत्तरं तत्पर आणि अगदी गोड. आधी म्हणाले, तुमच्या विंडस्क्रीनवर धातूचा थर असेल, त्याने सिग्नल अडतो. काही काचांच्या बाबतीत हे खरं आहे, म्हणून डबा छतावर बसवून पाहिला. काही फरक पडला नाही. मग म्हणाले, नवीन फर्मवेअर (डब्यातलं सॉफ्टवेअर) येतंय, थोडं थांबा. कच्चा डेटा मागितला तर, आमचं ॲप सगळं दाखवतं, वेगळी फाइल कशाला हवी? या चालढकलीत परत करण्याची मुदत टळली, आणि ती टळली तशी उत्तरं बंद झाली. हौशी टीमला ट्रॅकवर गाडी न्यायची संधी रोज मिळत नाही. मुदत संपेपर्यंत डबा ट्रॅकवर नीट तपासलाच जाणार नाही, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

पुढे टीममधल्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मित्राने डब्याच्या मेमरीतून फाइल बाहेर काढली. वरवर सगळं चोख. वेळेचा रकाना ०.०४ सेकंदाने पुढे सरकतोय, सेकंदाला २५ ओळी. शेजारी वेगाचा रकाना होता: ८४.०, ८३.२, ८२.४, ८१.६. प्रत्येक ओळीला नेमका ०.८ ने कमी, असं सलग एक सेकंदभर, आणि मग एकदम प्रत्येक ओळीला ०.३ ने कमी. खऱ्या गाडीचा वेग असा पट्टीने आखल्यासारखा उतरत नाही. त्यात थरथर असते, पेडलवरचा दाब कमीजास्त होतो. इथे सेकंदाच्या दोन टोकांना एकेक खरी नोंद होती आणि मधल्या २४ ओळी सॉफ्टवेअरने भरलेल्या होत्या.

नकाशावरही तेच. २० मीटर त्रिज्येची हेअरपिन म्हणजे सुमारे ६३ मीटरचं अर्धवर्तुळ, ताशी ५० किमीने साडेचार सेकंदांचं काम. एवढ्या वळणाला खऱ्या नोंदी चार नाहीतर पाच. बाकी सगळ्या सरळ रेघा. वळणातला सगळ्यात कमी वेग कुठे होता हे या डब्याला कधी कळलेलंच नव्हतं, आणि त्यावर तो माणसांना लवकर ब्रेक मारणारे ठरवत होता.

शेवटी डबा उघडला. जीपीएस मॉड्यूलवरच्या धातूच्या झाकणावरचा मजकूर घासून काढलेला होता. मित्राने आउटपुटला तार जोडून मॉड्यूल काय पाठवतं ते वाचलं. आरएमसी नावाची ओळ येते, तिच्यात वेळ असते: १०१५३२.००, आणि त्यानंतरची थेट १०१५३३.००. शिवाय जोडणीचा वेग होता ९६०० बॉड. या वेगाने सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात. एक आरएमसी ओळ साधारण ७० अक्षरांची असते, म्हणजे २५ ओळींना १,७५० अक्षरं हवीत. त्या जोडणीतून सेकंदाला अशा २५ ओळी जाणं शक्यच नव्हतं, त्यामुळे ही नजरचूक किंवा सदोष नग असण्याचा प्रश्नच मिटला. जे काम बहुतेक फोन आपल्या स्वतःच्या जीपीएसवर रेसक्रोनो किंवा ट्रॅकॲडिक्टसारख्या ॲपमध्ये करतात, तेच आम्हाला विकलं होतं. फरक इतकाच की रेसक्रोनो अपडेट रेट किती आहे ते स्क्रीनवर सरळ दाखवतं.

बॅटरीबद्दल थोडक्यात: लांब पल्ल्याच्या शर्यतीला पुरेल असं छापलं होतं, दुसऱ्या ड्रायव्हरच्या स्टिंटमध्येच ती संपली. गाडीतून वीज देऊन भागवता आलं, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

तुम्ही नवा डबा घेतलात तर ट्रॅकची वाट पाहू नका. मोकळ्या मैदानात डबा सायकलला बांधा आणि चार मीटर त्रिज्येचे गोल मारा, ताशी १२ किमीच्या आसपास. एका गोलाला साडेसात सेकंद लागतात. १ हर्ट्झचा डबा असेल तर नकाशावर सात-आठ कोनांची आकृती उमटेल. खऱ्या २५ हर्ट्झला गोल गोलच दिसतो, फार तर थोडा सरकलेला. मग फाइल उघडून वेगाचा रकाना बघा. हे सगळं परतीच्या मुदतीत उरकतं आणि पुरावा म्हणून स्क्रीनशॉट हाताशी राहतात.

घेण्याआधी विक्रेत्याला दोनच गोष्टी लेखी विचारा: आत कुठलं मॉड्यूल आहे, आणि कच्चा डेटा व्हीबीओ, एनएमईए किंवा सीएसव्ही यांपैकी एखाद्या प्रकारच्या फाइलमध्ये मिळतो का. मॉड्यूलचं नाव कळलं की त्याची मर्यादा तपासता येते. युब्लॉक्सचं जुनं निओ-६एम ५ हर्ट्झच्या पुढे जात नाही, निओ-एम९एन २५ पर्यंत जातं. कमी खर्चात नीट बनवलेले डबे मिळत नाहीत असं मुळीच नाही. रेसबॉक्स मिनी २५ हर्ट्झचा आहे, गार्मिनचा ग्लो २ हा १० हर्ट्झचा, आणि दोन्ही फोनला जोडून दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये वापरता येतात, त्यामुळे अपडेट रेट आपला आपण पडताळता येतो. फक्त विक्रेत्याच्याच ॲपला जोडला जाणारा, फाइल बाहेर न देणारा डबा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आम्हाला फसवणाऱ्याने ते दुकान बंद करून दुसऱ्या नावाने तोच माल विकायला काढलाय. डब्याचा रंग बदललाय, जाहिरातीत लॅप टाइमचा तोच अधिकृत निकालाशी जुळणारा तक्ता आहे, आणि वळणातला एकही आलेख नाही.