न्हावा शेवाच्या कागदांसाठी पॉवर ऑटोमेट: कुठे चालतं, कुठे अडतं

वाशी, सीबीडी, तुर्भे इथल्या, न्हावा शेवा बंदरातला आयात माल कस्टम्समधून सोडवणाऱ्या क्लिअरिंगच्या ऑफिसांत कागद येतो तो मेलवर, आणि बराचसा येतो तो रात्री. अमेरिकेतला शिपर दिवसाचं काम आवरताना इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएलची (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती) कॉपी पाठवतो तेव्हा इथे पहाटेचे तीन वाजलेले असतात. सकाळी डॉक्युमेंटेशनच्या टेबलावरचा माणूस एकेक मेल उघडणार, अटॅचमेंट उतरवून घेणार, नाव बदलणार आणि जॉबच्या, म्हणजे त्या शिपमेंटच्या, फोल्डरात टाकणार. वीस-पंचवीस शिपमेंट हातात असल्या की अर्धा दिवस यातच जातो. त्यात एखादा कागद नजरेतून सुटला तर थेट खिशाला चाट बसते. बहुतेक मालाचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे भरायचा आयातीचा अर्ज, जहाज लागण्याच्या आदल्या दिवसाअखेर, सुट्टी असली तरीही, भरलेलं असावं लागतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये. कंटेनर जास्त दिवस ठेवल्याचं डिटेन्शन आणि आवारातल्या जागेचं ग्राउंड रेंट त्याहून वेगळे.

मेलमधला कागद आपोआप उचलून योग्य जागी ठेवणं, या एकाच कामासाठी मायक्रोसॉफ्टचं पॉवर ऑटोमेट कसं आहे, ते इथे पाहू. २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत याचंच नाव मायक्रोसॉफ्ट फ्लो होतं. मत आधीच सांगतो: नीट बसवलं तर हे साधन पाच-सात माणसांच्या ऑफिसलाही परवडतं आणि रोज कामाला येतं. मात्र मायक्रोसॉफ्टच्या तयार नमुन्यातला फ्लो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी, जसाच्या तसा चालू केला तर आठवड्याभरात फोल्डरात कचरा साठतो आणि लोकांचा विश्वास उडतो.

खर्चाचं आधी. ऑफिसचा मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस योजनेवर असेल तर आउटलुक, शेअरपॉइंट, वनड्राइव्ह, टीम्स, एक्सेल आणि अप्रूव्हल्स हे कनेक्टर, म्हणजे त्या-त्या ॲपशी जोडणारे दुवे, त्यातच मिळतात, वेगळे पैसे लागत नाहीत. बाहेरच्या सॉफ्टवेअरशी एचटीटीपीने बोलायचं किंवा एसक्यूएल डेटाबेसला हात घालायचा तर प्रीमियम लायसन्स लागतं. कागद उचलून ठेवण्याच्या कामाला त्याची गरज नाही, त्यामुळे कुणी विकायला आलं तरी सुरुवातीला घेऊ नये. ३६५ सोबत येणाऱ्या परवान्यात एका माणसामागे २४ तासांत ६,००० विनंत्या (ढोबळमानाने फ्लोची एक पायरी म्हणजे एक विनंती) मिळतात. रोज दीडशे मेल आणि प्रत्येकात चार अटॅचमेंट धरल्या तरी हा आकडा पुरून उरतो.

पहिला निर्णय मेलबॉक्सचा, आणि तिथेच सगळ्यात जास्त चूक होते. फ्लो कुणा एकाच्या नावाच्या मेलवर बांधू नये. कागदांसाठी एक शेअर्ड मेलबॉक्स काढावा. ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, तोच पत्ता द्यावा. ट्रिगर, म्हणजे फ्लो सुरू करणारी घटना, निवडताना साधा ‘नवा मेल आला की’ न घेता शेअर्ड मेलबॉक्सचा घ्यावा, आणि ज्या खात्याने फ्लो जोडला आहे त्याला त्या मेलबॉक्सचा पूर्ण ॲक्सेस द्यावा. ते खातंही ऑफिसच्या नावाचं असू द्यावं. माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याचं खातं बंद केलं की त्याच्या नावावरचं कनेक्शन तुटतं आणि फ्लो गप्प बसतो. पासवर्ड बदलला तरी कनेक्शन पुन्हा मंजूर करावं लागू शकतं. म्हणून फ्लोला दुसरा मालक जोडून ठेवणं चांगलं.

ट्रिगरमध्ये ‘इन्क्लूड अटॅचमेंट्स’ आणि ‘ओन्ली विथ अटॅचमेंट्स’ हे दोन्ही ‘येस’ करायचे. पहिला विसरला तर फ्लो चालतो, फाइलचं नाव येतं, आतला मजकूर येत नाही. पुढे प्रत्येक अटॅचमेंटसाठी ‘अप्लाय टू ईच’चा लूप घ्यायचा, आणि त्याच्या आत एक अट टाकल्याशिवाय ‘क्रिएट फाइल’ ठेवायचं नाही. कारण पाठवणाऱ्याच्या सहीखालचा कंपनीचा लोगो हीसुद्धा मेलच्या हिशेबी अटॅचमेंटच असते. ‘इमेज००१.पीएनजी’ नावाच्या शंभर फायली फोल्डरात दिसल्या तर ही अट राहिली असं समजावं. अट अशी: ‘इज इनलाइन’ची किंमत ‘फॉल्स’ आणि नावाचा शेवट ‘.पीडीएफ’. नाव आधी लहान अक्षरांत बदलून घ्यावं, कारण काही स्कॅनर शेवट कॅपिटलमध्ये लिहितात आणि फ्लोतल्या काही तुलना लहान-मोठं अक्षर वेगळं धरतात. एक्सेलमधली पॅकिंग लिस्ट घेत असाल तर तो शेवटही अटीत जोडावा.

नावाचा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. बरेच शिपर फाइलला ‘इन्व्हॉइस.पीडीएफ’ एवढंच नाव देतात, म्हणजे एकाच नावाच्या फायली एकमेकींवर आदळणार. त्यामुळे नाव फ्लोनेच तयार करावं: जॉब नंबर, मग तारीख-वेळ, मग मूळ नाव. मूळ नावात तारांकित चिन्ह, कोलन, प्रश्नचिन्ह, तिरपी रेघ, उभी रेघ, दुहेरी अवतरण किंवा कोनकंस असेल तर शेअरपॉइंट ती फाइल घेत नाही. ‘रिप्लेस’ने अशी चिन्हं आधी काढावीत. फोल्डरांसकट पूर्ण पत्ता ४०० अक्षरांच्या आत राहायला हवा. पार्टीचं लांबलचक नाव, त्यात वर्ष, त्यात महिना, त्यात जॉब अशी उतरंड लावली की ही मर्यादा सहज गाठली जाते. फोल्डर दोन पातळ्यांपलीकडे नेऊ नयेत.

तारखेबद्दल मुद्दाम सांगायला हवं. फ्लोचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तारखेवार फोल्डर बनवताना नुसतं ‘यूटीसी नाऊ’ वापरलं तर रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात आलेला प्रत्येक कागद आदल्या दिवसाच्या फोल्डरात जाऊन बसतो. दुपारी तपासून पाहिलं तर सगळं बरोबर दिसतं, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही. आणि आपला अर्धा कागद नेमका याच वेळात येतो. ‘कन्व्हर्ट टाइम झोन’ घालून ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ निवडलं की प्रश्न मिटतो.

जॉब नंबर विषयाच्या ओळीतून काढायचा. पार्टीला एक ठरीव पद्धत कळवावी, उदाहरणार्थ ‘जॉब-२४१७’, आणि ‘स्प्लिट’ने तो भाग वेगळा करावा. तरीही ‘आरई: एफडब्ल्यू: अर्जंट डॉक्स’ असे मेल येणारच. अशा वेळी फ्लोने अंदाज बांधू नये. नंबर सापडला नाही तर फाइल ‘नंबर नाही’ अशा वेगळ्या फोल्डरात जावी आणि टीम्सवर निरोप यावा. चुकीच्या जॉबमध्ये गेलेला कागद हरवलेल्या कागदापेक्षा जास्त त्रास देतो, कारण तो कुणी शोधतच नाही.

आता न्हावा शेवाच्या कामाला विशेष लागू पडणारी गोष्ट. ई-संचितवर, म्हणजे कस्टम्सच्या कागद अपलोड करायच्या सोयीवर, चढवायच्या प्रत्येक फाइलला १ एमबीची मर्यादा आहे आणि त्या पीडीएफवर डिजिटल सही लागते. रंगीत, ३०० डीपीआयने स्कॅन केलेली तीन पानांची बीएल एवढ्यात मावेलच असं नाही. पॉवर ऑटोमेट तिचा आकार कमी करून देत नाही, पण वेळेवर सांगू शकतं. प्रत्येक अटॅचमेंटसोबत ‘साइझ’ ही किंमत बाइटमध्ये येते. ती १०,००,००० पेक्षा जास्त असेल तर फाइल ‘मोठी’ या फोल्डरात टाकून निरोप पाठवायचा, एवढी एक अट वाढवावी. मग रात्री अकराला अपलोड करताना अडण्याऐवजी सकाळी चहाच्या वेळीच कळतं की ही कॉपी काळ्या-पांढऱ्यात २०० डीपीआयला पुन्हा मागवायची आहे.

मात्र प्रत्यक्ष ई-संचितचं अपलोड याच्या हाती देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सहीचं टोकन ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावलेलं असतं आणि त्याचा पिन सहीवाल्याने स्वतःच टाकायचा असतो. पॉवर ऑटोमेटच्या डेस्कटॉपवाल्या भागाने क्लिक करून घेता येतं हे खरं, पण त्यासाठी पिन कुठेतरी लिहून ठेवावा लागतो. क्लिअरिंगचं लायसन्स ज्यांच्या नावावर आहे त्यांनी हा धोका पत्करू नये. नवख्या मुलांसाठी एक सूचना: ई-संचितवर मिळतो तो आयआरएन म्हणजे इमेज रेफरन्स नंबर, आणि जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसवरचा ६४ अक्षरी आयआरएन म्हणजे इन्व्हॉइस रेफरन्स नंबर. फ्लोमध्ये एक्सेलचे रकाने ठरवताना दोन्हींना निराळी नावं द्या, नाहीतर गोंधळ ठरलेला.

काही मेल फ्लोला दिसतच नाहीत, आणि ते माहीत नसेल तर दोष भलत्याच माणसाला लागतो. जीमेलवरून २५ एमबीच्या वर काही पाठवलं की ते अटॅचमेंट न राहता गूगल ड्राइव्हची लिंक होतं. अशा मेलवर ट्रिगर सुरूच होत नाही. एकूण आकार ५० एमबीच्या वर किंवा ॲडमिनने ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला तर तो मेल वगळला जातो, एनक्रिप्ट केलेले मेलही सुटू शकतात. कुणी मेल हाताने दुसऱ्या फोल्डरातून आणून टाकला तर त्याची मूळ आल्याची वेळ बदलत नाही, त्यामुळे तो जुना समजून सोडला जाण्याची शक्यता असते. मेलच्या आत मेल जोडून पाठवला तर आतल्या फायली सुट्या होऊन येत नाहीत. झिप फाइल शेअरपॉइंटमध्ये उतरवून ‘एक्स्ट्रॅक्ट फोल्डर’ने उघडता येते, पासवर्ड असेल तर नाही. आणि व्हॉट्सॲपवर आलेला कागद यातल्या कशातच बसत नाही. तो आधी मेलवर पाठवायचा, अशी ऑफिसात शिस्त लावावी लागते. या सगळ्यावर एकच उपाय खात्रीचा आहे. ज्या मेलची फाइल जागेवर गेली तो मेल फ्लोनेच ‘झालेले’ फोल्डरात हलवावा. संध्याकाळी इनबॉक्समध्ये जे उरेल ते माणसाने बघायचं.

पोच पाठवण्याची सोय पार्ट्यांना फार आवडते, पण ती जपून लावावी. आपली पोच गेली, समोरून ‘मी रजेवर आहे’ आलं, त्याला पुन्हा पोच, असं चक्र सुरू होऊ शकतं. किमान एक पीडीएफ जतन झाली असेल तरच पोच जाईल, ही अट ठेवली की चक्र होत नाही. पोचेत जतन झालेल्या फायलींची नावंही लिहावीत. पॅकिंग लिस्ट राहिली हे मग पार्टीच्याच ध्यानात येतं आणि आपला एक फोन वाचतो.

बिघाड कळण्याची व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी. सगळ्या पायऱ्या एका ‘स्कोप’मध्ये घालाव्यात, त्याखाली टीम्सवर निरोप देणारी पायरी ठेवावी आणि तिच्या ‘रन आफ्टर’मध्ये फक्त ‘फेल झालं’ आणि ‘वेळ संपली’ यांवर खूण करावी. चाललेल्या फेऱ्यांचा इतिहास २८ दिवसच दिसतो, त्यामुळे प्रत्येक फाइलची एक ओळ शेअरपॉइंटच्या यादीत वेगळी लिहून ठेवावी. पार्टीशी ‘आम्ही पाठवलं होतं’चा वाद दोन महिन्यांनी निघतो, तेव्हा हीच यादी कामाला येते. फक्त ३६५ च्या परवान्यावर चालणारा फ्लो ९० दिवस एकदाही चालला नाही तर आपोआप बंद होतो. रोजच्या मेलबॉक्सला ही भीती नाही. वर्षातून दोनदा लागणाऱ्या ड्यूटी ड्रॉबॅकच्या किंवा ऑडिटच्या फ्लोला आहे.

चेकलिस्टच्या, म्हणजे बिल ऑफ एंट्री भरण्याआधीच्या मसुद्याच्या, मंजुरीसाठी ‘अप्रूव्हल्स’ वापरून बघायला हरकत नाही. मंजुरी देणाऱ्याला मेलमध्येच मंजूर-नामंजूरची बटणं दिसतात आणि कुणी, किती वाजता ‘ओके’ दिलं याची नोंद राहते. फक्त फ्लो ३० दिवसांपलीकडे थांबत नाही.

फाइल वाचून आतले आकडे काढून देणारं एआय बिल्डर वेगळ्या पैशांचं आहे, आणि छापील, एकाच साच्यातल्या इन्व्हॉइसवर ते ठीक चालतं. पण एचएस कोड (मालाचा वर्गीकरण क्रमांक), एकूण रक्कम आणि इन्कोटर्म (विक्रीची अट) या तीन गोष्टी त्याच्या भरवशावर चेकलिस्टमध्ये जाऊ देऊ नयेत. छोट्या ऑफिसने पहिलं वर्ष हा खर्च टाळावा.

ज्यांचा मेल गूगल वर्कस्पेसवर आहे त्यांनी केवळ यासाठी मायक्रोसॉफ्टकडे जाऊ नये. गूगलच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये हेच काम होतं, एका फेरीला ६ मिनिटांची मर्यादा आहे तेवढी सांभाळावी लागते. पण तिथे कोड लिहिणारा माणूस हवा. पॉवर ऑटोमेट एक्सेलची सूत्रं येणाऱ्या कुणालाही दोन-तीन दिवसांत जमतं, आणि वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या खरेदी विभागालाही हाच फ्लो फक्त जॉब नंबरच्या जागी पीओ (खरेदीच्या ऑर्डरचा) नंबर घालून वापरता येईल.

सुरुवात एकाच पार्टीच्या मेलपासून करावी. दोन आठवडे फ्लो आणि हाताने फाइल लावणं दोन्ही चालू ठेवून रोज मोजणी जुळवावी, आणि सलग दहा कामाचे दिवस फरक शून्य आला की दुसरी पार्टी जोडावी.