डबल्स खेळताना डोळ्यांवर काय हवं: रोजचा चष्मा, लेन्स की गॉगल?

बॅडमिंटन डबल्समध्ये नेटजवळच्या खेळाडूची एक सवय फार वाईट. पार्टनर मागून काय मारतोय ते बघायला तो मान वळवतो. माझ्या पार्टनरने तशीच मान वळवली आणि माझाच स्मॅश त्याच्या डोळ्यावर बसला. बाकावर बसवून पाहिलं तर बुबुळाच्या खालच्या कडेला रक्ताची बारीक रेघ साचलेली. डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स होत्या.

म्हणून आधी लेन्सचंच सांगतो. घामाने घसरत नाहीत, बाजूचंही नीट दिसतं, पण संरक्षण शून्य. शटल जेमतेम ५ ग्रॅमचं, पण त्याचं बूच २५ ते २८ मिलिमीटर रुंद. क्रिकेटचा चेंडू मोठा, त्याचा बराच मार भुवईचं आणि गालाचं हाड झेलतं. बूच मात्र थेट खोबणीत शिरतं. पिसांमुळे शटलचा वेग झपाट्याने उतरतो हे खरं, पण नेटपाशी तेवढं अंतरच मिळत नाही.

रोजचा चष्मा मला लेन्सहूनही धोक्याचा वाटतो. काच फुटून तुकडे डोळ्यात जाऊ शकतात. काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे सहजी न फुटणाऱ्या प्लॅस्टिकची, असली तरी साध्या फ्रेममधून ती मागे, डोळ्याकडेच निसटू शकते. काच नसलेली नुसती चौकटही घेऊ नका, तिच्यातून बूच आत येतं.

राहिला स्पोर्ट्स गॉगल. पॉलिकार्बोनेटची काच, ती मागे निसटू न देणारी फ्रेम आणि डोक्यामागे पट्टा, हे तिन्ही बघूनच घ्या. रॅकेटच्या खेळांसाठीचं 'एएसटीएम एफ३१६४' मानक लिहिलेलं असेल तर उत्तम. नंबरही बसवून मिळतो. पावसाळ्यात वाफ धरते ही तक्रार खरी आहे, त्यासाठी बाजूला हवेची छिद्रं असलेला घ्या. रंगीत काच हॉलमध्ये नको. मुलांना 'वाढत्या अंगाचा' सैल गॉगल घेऊ नका. लेन्स आवडत असतील तर खुशाल घाला, पण वरून बिननंबरचा गॉगल हवाच. एकाच डोळ्याने नीट दिसत असेल, तर गॉगलशिवाय कोर्टवर उतरूच नका.

स्क्वॉशच्या जागतिक संघटनेने ज्युनिअर आणि डबल्स स्पर्धांत असा गॉगल सक्तीचा केला आहे. बॅडमिंटनमध्ये सक्ती नाही, त्यामुळे निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो.

डोळ्यावर लागलंच तर चोळू नका, दाबू नका. दुखणं थांबलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. काजवे चमकले किंवा डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं वाटलं तर एक तासही थांबू नका. माझ्या पार्टनरचं रक्त काही दिवसांत ओसरलं. पण अशा मारानंतर काचबिंदू कित्येक वर्षांनीही होऊ शकतो, म्हणून तो दर वर्षी डोळ्याचा दाब तपासून घेतो.