रविवार पेठेतील तांदळाचे दुकान
बेळगावच्या रविवार पेठेतील ज्या जुन्या दुकानातून आमच्या घरचा वर्षाचा तांदूळ येतो, तेथे यंदाही मालकांनी बेळगाव बासमतीच्या पोत्यातील मूठभर दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि वास घेऊन पाहिल्यावरच तराजू हाती धरला. भात मऊ व सुवासिक झाला. खडे मात्र निवडावे लागले. २०१८ साली वॉलमार्ट या अमेरिकन कंपनीने ऑनलाइन विक्री करणाऱ्या फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला. आता परकी भांडवलाची स्पर्धा या पेठेच्या उंबऱ्यावर आहे. कॅरिबियन बेटांतील हैती या देशाने १९९५ मध्ये तांदळावरील आयातकर ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला आणि स्वस्त अमेरिकन तांदळापुढे तेथील आर्तिबोनीत या भातशेतीच्या खोऱ्यातील शेतकरी हतबल झाले, हे मला फार लागते. किलोमागे चार रुपये जास्त पडले, तरी पुढचे पोतेही मी येथूनच घेणार आहे.