वाचनाचं वर्ष कसं ठरवायचं: पुस्तकं मोजायची, पानं मोजायची, की यादी धरून चालायचं?

डिसेंबर सरायला लागला की आमच्याकडे सांगलीत ऑफिसात, शेजारी, नात्यात कुणी ना कुणी विचारतंच, यंदा वाचनाचा चॅलेंज घ्यायचाय, कसा घेऊ? आणि विचारणारे बहुतेक जण मनात आकडा घेऊनच आलेले असतात, बारा, चोवीस, कुणी एकदम बावन्न. आकडा हा एक प्रकार झाला, दुसरेही आहेत, आणि आपल्याला कुठला झेपेल हे आधी बघितलं तर वर्ष निभावतं असं माझं ठाम मत आहे. म्हणून तीन प्रकार शेजारी शेजारी ठेवते: पुस्तकांचा आकडा, रोजची पानं किंवा मिनिटं, आणि विषयाची यादी. मला स्वतःला दुसरा सगळ्यात जास्त पटतो, ते आत्ताच सांगून टाकते म्हणजे माझा कल कुठे आहे ते तुम्हाला माहीत असू दे.

आधी आकडा, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. गुडरीड्स ही वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायची साइट २००७ साली सुरू झाली, २०१३ ला ती अ‍ॅमेझॉनने घेतली, आणि तिच्यावरचा वर्षाचा रीडिंग चॅलेंज २०११ पासून चालू आहे. वापरायला एकदम सोपं, वर्षाचा आकडा टाकायचा, पुस्तक संपलं की तारीख टाकून नोंद करायची, मग ते तुम्हाला दाखवत राहतं की तुम्ही वेळापत्रकाच्या दोन पुस्तकं मागे आहात की एक पुढे. पुस्तक वाचायला कधी घेतलं ते बघत नाही, कधी संपलं ते बघतं, त्यामुळे डिसेंबरात सुरू केलेलं जाडजूड पुस्तक जानेवारीत संपलं तर ते नवीन वर्षात जातं. आकडा मधेच कमीजास्तही करता येतो आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, घरात आजारपण निघालं, बदली झाली तर चोवीसाचे पंधरा करावेत.

ज्यांना आधीपासून वाचायची सवय आहे आणि फक्त थोडा रेटा हवाय त्यांना हे छान जमतं. कॉलेजातल्या मुलांनाही, कारण मित्रांचे आकडे दिसतात आणि त्यातून ईर्ष्या लागते. पण यात एक अडचण आहे आणि मराठी वाचणाऱ्याला ती जास्त भेटते. व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी दीडशे पानांच्या आतबाहेर, शिवाजी सावंतांचं मृत्युंजय सातशेच्या पुढे, आणि चॅलेंजमध्ये दोन्हींची नोंद एकेकच. मग ऑगस्टमध्ये तीन पुस्तकं मागे आहात असं दिसलं की माणूस काय करतो, कपाटातलं जे सगळ्यात बारीक असेल ते उचलतो, आणि ज्या मोठ्या कादंबरीसाठी किंवा चरित्रासाठी वाचायला बसायचं होतं ती पुढच्या वर्षावर जाते. हे मी आजूबाजूला इतक्या जणांचं होताना बघितलंय की मला वाटतं दोष माणसाचा नाही, मोजमापाचा आहे.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. वर्षाला चोवीस म्हणजे दर पंधरा दिवसाला एक, आणि अ‍ॅप असं धरून चालतं की सगळे पंधरवडे सारखेच. आपल्याकडे कुठले सारखे असायला! बँकेत, पतसंस्थेत, कुठल्याही हिशेबाच्या ठिकाणी काम करत असाल तर मार्च गेलाच, मग एप्रिल-मेला गावोगावच्या जत्रा आणि लग्नं, जूनला पोरांच्या शाळा, जुलै-ऑगस्टला नदीकाठची अर्धी सांगली कृष्णेचं पाणी किती चढलं ते बघत असते, त्यानंतर गणपती आणि दिवाळी, आणि ऊसवाल्यांचं तर कारखाना सुरू झाला की तोड मिळेपर्यंत कशातच लक्ष लागत नाही. अशा वर्षाला चोवीस सारखे भाग पाडून मागे पडलात म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

अजून एक बारीक पण त्रासाचं, गुडरीड्सवर मराठी पुस्तकांच्या नोंदी अर्धवट असतात. एकच पुस्तक एकदा देवनागरीत, एकदा रोमन लिपीत, पानं कुठे आहेत कुठे नाहीत, जुनी आवृत्ती सापडतच नाही. नवीन नोंद आपण स्वतः टाकू शकतो आणि टाकावीच, पुढच्या वाचणाऱ्याला उपयोग होतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो हे धरून चाला.

आता पानं. गणित करून बघा, रोज १५ पानं म्हणजे वर्षाला ५,४७५ पानं, आणि दोनशे ते अडीचशे पानांचं पुस्तक धरलं तर ती बावीस ते सत्तावीस पुस्तकं झाली. चोवीस पुस्तकं म्हटल्यावर ज्यांच्या पोटात गोळा येतो ते पंधरा पानांना लगेच हो म्हणतात, आणि दोन्ही जवळजवळ एकच आहे. पंधरा पानांना साधारण वीस-पंचवीस मिनिटं लागतात, कथा-कादंबरी असेल तर कमी, वैचारिक असेल तर दुप्पटसुद्धा. दोन दिवस चुकले तर रविवारी पंचेचाळीस पानं काढली की हिशेब पुरा, आणि मुख्य म्हणजे सातशे पानांच्या पुस्तकाची भीती जाते कारण त्याचं प्रत्येक पान धरलं जातं. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचंही तसंच, शंभर पानं वाचून आवडलं नाही म्हणून परत केलं तर ती शंभर पानं तुमच्या वहीत राहतात. आकड्यावाला माणूस असं पुस्तक ओढत ओढत संपवतो, कारण नाही संपवलं तर हातात शून्य. न आवडलेलं पुस्तक सोडता येणं ही वाचणाऱ्याला फार मोठी मोकळीक आहे आणि फक्त तेवढ्यासाठीसुद्धा मी पानांच्या बाजूने आहे.

कविता वाचणाऱ्यांनी मात्र पानांच्या नादी लागू नये, मिनिटं धरावीत. कवितेचं एक पान अर्धा तास घेऊ शकतं आणि घ्यावं. रोज २० मिनिटं म्हणजे वर्षाला १२१ तास होतात. मिनिटांचा आणखी फायदा म्हणजे ऑडिओबुक त्यात नीट बसतं. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप भारतात २०१७ ला आलं ते मराठी घेऊनच आलं, आणि सांगली-मिरज रोज बसने ये-जा करणाऱ्यांना उभं राहून पुस्तक उघडता येत नाही पण कानात गोष्ट लावता येते. ऐकलेलं धरायचं का यावर लोक हमरीतुमरीवर येतात, माझं म्हणणं धरायचं, फक्त वहीत वेगळा रकाना ठेवायचा, म्हणजे वर्ष संपताना वाचलेलं किती आणि ऐकलेलं किती ते स्वतःला कळतं.

अ‍ॅपच हवं असेल तर यासाठी गुडरीड्सपेक्षा स्टोरीग्राफ बरं. नादिया ओडुनायो यांनी २०१९ मध्ये ते लोकांसमोर आणलं, त्यात पुस्तकांबरोबर पानांचं आणि तासांचं उद्दिष्टही ठेवता येतं, आणि गुडरीड्सवरची जुनी नोंद फाइल करून तिकडे नेता येते. मराठी पुस्तकांची अडचण तिथेही आहेच, उलट थोडी जास्त. म्हणून खरं सांगायचं तर शंभर पानी वही पुरते. तारीख, पुस्तक, कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत, आणि जागा उरली तर एखादं वाक्य. ते वाक्य लिहायला अजिबात आळस करू नका, सहा महिन्यांनी पुस्तकाचं नाव आठवतं आणि आत काय होतं ते आठवत नाही, तेव्हा तेच वाक्य कामाला येतं.

पानांचा तोटा नाही का, आहे. पुस्तक संपल्याचा जो आनंद असतो तो इथे थोडा फिका होतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी "माझं अठरावं संपलं" म्हणतं तेव्हा "माझी चार हजार पानं झाली" याला कुणी टाळ्या वाजवत नाही, आणि टाइप मोठा असलेल्या आवृत्तीची पानं पटापट उलटतात तर जुन्या बारीक अक्षरातलं एक पान दीड पानाएवढं असतं. शेवटचं फार मनावर घेऊ नका, वर्षभरात ते समान होतं.

तिसरा प्रकार यादीचा, आणि हा सगळ्यात सुंदर आहे असं मला वाटतं. किती वाचायचं हे न ठरवता काय वाचायचं ते ठरवायचं. इंग्रजी वाचणारे एक भाषांतरित, एक प्रवासवर्णन, एक तुमच्या जन्मवर्षातलं अशा याद्या करतात, ठीक आहे, पण आपल्याकडे याहून चांगली यादी पायाखालीच आहे. फक्त सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांच्या मातीतले लेखक घ्या. वि. स. खांडेकर सांगलीत जन्मलेले, १८९८ साली, आणि मराठीला पहिलं ज्ञानपीठ त्यांनी आणलं, १९७४ चं. अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. माडगूळकर बंधू आटपाडीकडच्या माणदेशातले, ग. दि. माडगूळकरांचा जन्म शेटफळ्याचा. यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याचे, त्यांचं आत्मचरित्र कृष्णेच्या काठावरच घडतं. चारुता सागर कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावचे, त्यांच्या कथा फार कमी लोक वाचतात आणि का वाचत नाहीत हे मला कळत नाही. फलटण तालुक्यातले लक्ष्मण माने, ज्यांच्या आत्मकथनाला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वसंत कानेटकर रहिमतपूरचे. शिवाय सांगली म्हटल्यावर विष्णुदास भाव्यांचं १८४३ चं नाटक आलंच, त्यामुळे यादीत एखादं नाटकही घाला, वाचायला एक-दोन बैठका लागतात. एवढं वाचून माणूस त्याच एसटीने आटपाडीला जाईल तेव्हा खिडकीतून वेगळं काहीतरी बघेल.

पण यादीवाले अडकतात ते वेगळ्या ठिकाणी. पहिलं म्हणजे पुस्तक मिळत नाही, आवृत्ती संपलेली असते, लायब्ररीची एकच प्रत असते ती दोन महिने कुणाकडे तरी अडकते. दुसरं, जानेवारीत हौसेने चोवीस नावं लिहिलेली असतात आणि जुलैमध्ये त्यातलं एकही वाचावंसं वाटत नाही, मन दुसरीकडे गेलेलं असतं. म्हणून यादी सहा ते आठ नावांची करा, बाकी वर्ष मोकळं. आणि यादी करण्याआधी जमलं तर एक दिवस भिलारला जाऊन या. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं गाव, मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव, घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, बसून कितीही वाचा. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना आली. वीस पुस्तकांची पहिली दहा-दहा पानं तिथे वाचली की यादीत काय घ्यायचं ते आपोआप ठरतं.

पुस्तकं आणायची कुठून हा प्रश्न या तिन्हींच्या खाली आहेच. चोवीस पुस्तकं विकत घ्यायची तर तीनशेच्या सरासरीनेसुद्धा सात हजारांच्या वर जातात. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या शेवटापासून आहेत, अक्षर मोठं करता येतं म्हणून वयस्कर माणसांना फार सोयीचं, पण आपल्याला हवं ते जुनं पुस्तक तिथे असेलच असं नाही. माझं मत लायब्ररीला, आणि त्याचं कारण पैसे हे दुसरं आहे, पहिलं आहे तारीख. पुस्तक बदलायला जायचंय ही गोष्ट आठवड्यात एकदा डोक्यात असली की वाचून होतं, कुठल्या अ‍ॅपची घंटी तेवढं काम करत नाही. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी, ती एका नवीन पुस्तकाच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी, शिवाय ग्रंथपालांशी ओळख झाली की ते स्वतःहून पुस्तक काढून ठेवतात. आणि सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको, २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आपल्या नगर वाचनालयाची किती जुनी, परत न मिळणारी पुस्तकं भिजून गेली. दीडशे वर्षांची संस्था आहे ती, तिला सभासद हवेत. चॅलेंज कुठलाही घ्या, पण त्याची सुरुवात सभासदत्वाच्या पावतीने करा ही माझी मनापासूनची विनंती आहे.

मग कुणी काय घ्यावं? लहान मूल घरात आहे, नोकरी आहे, बऱ्याच वर्षांनी परत वाचायला लागायचंय, अशांनी डोळे झाकून पानं किंवा मिनिटं घ्या, पंधरा जमत नसतील तर आठ घ्या. वर्षाला वीस-पंचवीस आरामात वाचणाऱ्यांना आकड्यातून नवीन काही मिळत नाही, त्यांनी यादी घ्यावी. आकडा मी फक्त मित्रांच्या किंवा कुटुंबाच्या ग्रुपला सुचवेन, तोसुद्धा मिळून एक आकडा, समजा घरातल्या चौघांत मिळून चाळीस, म्हणजे आजोबांनी पंधरा वाचली आणि पोराने पाच तरी चालतंय. मला स्वतःला रोजची पानं अधिक सहा नावांची छोटी यादी ही जोडी सगळ्यात चांगली वाटते.

दिवाळी अंक धरायचे का, हे दरवर्षी विचारतात. धरा. १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकाच्या अंकापासून ही आपली परंपरा आहे, अडीचशे पानांचा अंक सलग वाचून काढणं हे पुस्तकापेक्षा कमी नाही, मात्र सगळा वाचला तरच, भविष्य आणि व्यंगचित्रं बघून ठेवून दिला तर नाही. पानं मोजणाऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही, जेवढं वाचलं तेवढं वहीत.

आणि सुरुवात एक जानेवारीलाच करायची असं काही नाही. गुडरीड्सचं वर्ष कॅलेंडरचं, ते बदलता येत नाही, पण वहीचं वर्ष आपलं असतं. औदुंबरला दरवर्षी संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, तिकडे जाऊन यायचं आणि त्या दिवसापासून धरायचं हे छान आहे. हिशेबाच्या कामातल्या लोकांनी तर जानेवारीत सुरू करूच नये, दोन महिन्यांत मार्च एंड येतो आणि सवय लागायच्या आधीच मोडते. त्यांनी सरळ गुढीपाडवा धरावा, फार तर एक एप्रिल, आणि तोवर लायब्ररीचा फॉर्म भरून ठेवावा, बहुतेक ठिकाणी एक फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो.