रेडिएटरचा फॅन थांबेना: रिले बदलायचा की सेन्सर?

फॅन सारखा फिरत राहिला की संशय आधी दोघांवर जातो, एक फॅनचा रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) आणि दुसरा कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान मोजणारा सेन्सर. दोन्ही भाग लहान, त्यामुळे ‘दोन्ही बदलून टाका’ असा सल्ला सहज मिळतो. मला तो पटत नाही, कारण दोघांची बिघडण्याची तऱ्हा निराळी आहे आणि थोडं लक्ष दिलं तर ती ओळखता येते. (एसी चालू असताना फॅन फिरणं किंवा गाडी बंद केल्यावर काही मिनिटं फिरून थांबणं हा बिघाड नव्हे.)

पहिली खूण किल्लीची. इंजिन थंडगार आहे, किल्ली काढली आहे, तरी फॅन बॅटरी उतरेपर्यंत फिरतोय, तर रिलेकडे बोट दाखवा. आतले कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी वितळून एकमेकांना चिकटतात आणि मग बंद होण्याचा हुकूम आला तरी सुटत नाहीत. याउलट, किल्ली बंद केल्यावर फॅन थांबतो पण सकाळी थंड इंजिन सुरू करताच पुन्हा भरधाव फिरू लागतो, तेव्हा सेन्सर किंवा त्याची वायर तपासा. सेन्सरकडून भलतंच रीडिंग आलं की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, इंजिन तापू नये म्हणून स्वतःहून फॅन लावून ठेवतो.

रिलेची परीक्षा सोपी आणि फुकट आहे. फ्यूजबॉक्समधून तो उपसा. फॅन थांबला, तर त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, तिथे लावून बघा. आता सगळं ठीक चाललं तर जुना रिले गेला. दुसऱ्या रिलेवरही फॅन फिरतच असेल तर दोष त्याला हुकूम देणाऱ्या वायरमध्ये किंवा त्याच्याही मागे आहे. रिले काढूनसुद्धा फॅन फिरला तर पुढच्या वायरिंगमध्ये कुठेतरी थेट करंट मिळतोय. नवा रिलेही लवकरच चिकटला तर फॅनची मोटर तपासून घ्या. झिजलेली मोटर जास्त करंट ओढते आणि कॉन्टॅक्ट जाळते. काही गाड्यांत साध्या रिलेऐवजी फॅन कंट्रोल मॉड्यूल असतं, तिथे ही अदलाबदल चालत नाही.

सेन्सरच्या बाबतीत मात्र फसगत होते. जुन्या गाड्यांत रेडिएटरवर थर्मोस्विच, म्हणजे कूलंट तापलं की फॅन लावणारा स्विच, असतो. त्याचं कनेक्टर काढल्यावर फॅन थांबला तर स्विच आतून जोडलेलाच राहिलाय. ईसीयूवाल्या गाडीत सेन्सरचं कनेक्टर काढलं तर चांगला फॅनसुद्धा सुरू होतो! म्हणजे एकाच चाचणीचा अर्थ दोन गाड्यांत अगदी उलटा निघतो, आणि चांगले सेन्सर इथेच फुकट बदलले जातात. त्यापेक्षा रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्कॅनर (ईसीयूतली रीडिंग आणि बिघाडाचे कोड दाखवणारं यंत्र) लावा. कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकं दिसायला हवं. उणे ४० अंशांच्या आसपास दिसलं तर सर्किट तुटलंय, त्याचा कोड बहुधा पी ०११८. पी ०११७ आला तर शॉर्टचा संशय घ्या. सेन्सर विकत आणण्याआधी कनेक्टरच्या पिना गंजल्यात का तेवढं बघाच.

तापमानाचा काटा खरोखरच वर चढला असेल तर दोघेही निर्दोष असू शकतात. कूलंट कमी झालंय, थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) बंद अवस्थेत अडकलाय किंवा रेडिएटर कचऱ्याने बुजलाय. अशा वेळी फॅन आपलं काम करतोय. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, आणि किल्ली काढलेली असली तरी पात्यांजवळ हात नेऊ नका.

थोडक्यात माझा कौल असा: किल्ली काढूनही फिरतोय तर आधी रिले, किल्लीबरोबर थांबतोय तर काहीही विकत घेण्याआधी स्कॅनर. रात्री बॅटरी वाचवायला रिले काढून ठेवला असेल, तर सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी तो आठवणीने परत बसवा, नाहीतर पहिल्याच ट्रॅफिकमध्ये इंजिन तापेल.