प्रीहीट ट्रेनमधली घाण: आत्ता धुवायची की शटडाऊनपर्यंत ओढायचं?

रिफायनरीत क्रूड (कच्चं तेल) भट्टीत जाण्याआधी ज्या एक्स्चेंजरच्या (गरम प्रवाहाची उष्णता क्रूडला देणाऱ्या उपकरणांच्या) रांगेतून तापतं, ती प्रीहीट ट्रेन. तिच्या ट्यूबमध्ये घाण साचून क्रूड भट्टीत शिरतानाचं तापमान घसरायला लागलं की हा वाद सुरू होतो. आधी हिशेब. दिवसाला १ लाख बॅरल क्रूड चालतं आणि हे तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलंय असं धरा. ही तूट भरायला भट्टीत रोज साधारण १० टन जादा इंधन जाळावं लागतं.

शटडाऊनपर्यंत (देखभालीसाठी प्रकल्प बंद होईपर्यंत) ओढायचं, तर खर्च फक्त एवढाच दिसतो, तोही हळूहळू वाढत असल्याने कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. भट्टीला वाव आहे तोवर हे खपतं. पण ती क्षमतेला टेकली, किंवा ट्यूब अरुंद होऊन पंपाचा दाब पुरेना, की क्रूडच कमी करावं लागतं. बुडालेल्या उत्पादनापुढे इंधनाचं बिल किरकोळ वाटतं, आणि बैठकांत नेमकं इंधनाचंच बिल मांडलं जातं!

मध्येच धुवायचं, तर त्या एक्स्चेंजरला बायपास (क्रूड वळवून न्यायची वाट) हवा. ब्लाइंड (पाइप बंद करणारी चकती) टाका, तेल काढा, चॅनेल कव्हर (टोकाचं झाकण) उघडा, ट्यूबचा बंडल (जुडगा) ओढा, हायड्रोजेटिंग (जोरदार दाबाच्या पाण्याने धुणं) करा, नवं गॅस्केट घालून चाचणी घ्या. तेवढे दिवस भट्टीवरचा भार आणखी वाढतो. तो तोटाही धुण्याच्या खात्यात धरा. शिवाय कुठला धुताय याला फार महत्त्व आहे. थंड टोकाच्या एक्स्चेंजरची तूट पुढचे एक्स्चेंजर थोडीफार भरून काढतात. भट्टीलगतच्याच्या पुढे भरून काढणारं कुणीच नसतं, आणि घाणही तिथेच जास्त भाजून बसते. माझा कौल त्याला.

अँटीफाउलंट (घाण बसू नये म्हणून क्रूडमध्ये सोडायचं रसायन) सोयीचं, पण रोजचा खर्च. त्यातलं डिस्पर्संट अस्फाल्टीन (क्रूडमधला जड, डांबरासारखा घटक) तरंगत ठेवतं. ट्यूबला चिकटून बसलेला कोक (भाजून कडक झालेला कार्बनचा थर) ते सोडवत नाही. म्हणून सुरुवात धुतलेल्या ट्यूबवर करा. डीसॉल्टरमधून (क्रूडमधलं मीठ काढणाऱ्या उपकरणातून) मीठ पुढे येत असेल, तर आधी डीसॉल्टर बघा.

घाण कमी बसावी म्हणून ट्यूबमध्ये बसवायचे इन्सर्ट (प्रवाह घुसळणारे तुकडे) दाब खातात. पंप आधीच काठावर असेल तर तो विषय सोडा.

थोडक्यात, शटडाऊन दोन-तीन महिन्यांवर आणि भट्टीला वाव असेल, तर ओढा. शटडाऊन लांब असेल, तर गरम टोकाचे एक-दोन धुवा. मात्र धुण्याचं कंत्राट काढण्याआधी क्रूडचं मिश्रण तपासा. अस्फाल्टीनवाल्या जड क्रूडमध्ये पॅराफिनी हलकं क्रूड मिसळलं की अस्फाल्टीन सुटून खाली बसू शकतं, मग धुतलेला बंडल लवकरच पुन्हा तुंबतो.